व्याकरण सुधारलेली कबुली

कायद्यापुढे सगळी मुलं सारखीच असतात. फक्त विचारल्यावर त्यांना सर्वनाम बदलता आलं पाहिजे.

सोळा वर्षांच्या आमोदला ते येत नव्हतं. तो स्वमग्न होता. प्रश्नाचं शेपूट जसंच्या तसं परत करायचा. विश्रांतवाडीत एक स्कूटर चोरीला गेली, तेव्हा तिच्या रिकाम्या जागेसमोर उभा राहून हा तिचा नंबर पाठ म्हणत होता. पोलिसांना आणखी काय हवं? चार दिवस तो निरीक्षणगृहात होता. आज त्याला घरी न्यायचंच, असं वकील मंदाकिनीबाईंनी त्याच्या आईला, दीपमालाला, सांगून टाकलं होतं. वकिलाने असं कधी सांगू नये, हे त्यांना गेली वीस वर्षं पक्कं ठाऊक होतं.

जबाबात स्वच्छ लिहिलं होतं : 'स्कूटर मी नेली.'

"हवालदारसाहेब, हा 'मी' म्हणाला?" बाल न्याय मंडळासमोर बाईंनी विचारलं.

"नाही." हवालदार संभाजी प्रामाणिक माणूस. "मी विचारलं, 'स्कूटर तू नेलीस?' तर म्हणतो, 'तू नेलीस.' आता असं कसं लिहिणार हो? वाचणाऱ्याला वाटायचं, मीच नेली. म्हणून व्याकरण तेवढं सुधारलं."

बाई आमोदकडे वळल्या. "आमोद, शनिवारवाडा तू पाडलास?"

"तू पाडलास."

"घ्या लिहून, हवालदारसाहेब. व्याकरण सुधारून."

मंडळाचे दोन्ही सदस्य हसले. दीपमालाने लेकाची चप्पल पिशवीतून काढून हातात घेतली.

न्यायाधीशबाई मात्र हसल्या नाहीत. "पटलं. कबुली बाजूला ठेवते. म्हणजे याला कोणी काहीही विचारलं, तरी हा तेच परत म्हणणार?"

"अगदी बरोबर, मॅडम!" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"मग असा मुलगा मोकळा सोडणं त्याच्याच जिवाला धोक्याचं. तुम्हीच सिद्ध केलंत. 'घरी ठेवायला हरकत नाही' असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र येईपर्यंत राहू दे निरीक्षणगृहात. ते आणा, त्याच दिवशी घरी न्या."

दीपमालाला त्यातलं 'घरी न्या' एवढंच कळलं. "आजच ना, ताई?"

मंदाकिनीबाई कागद गोळा करत राहिल्या.

"आजच ना, ताई," आमोद म्हणाला.

प्रमाणपत्र देणारे डॉक्टर फक्त बुधवारी बसतात. तो गुरुवार होता.