पांढरी लव

काचघरातल्या रोपांवर आत्याचंच राज्य होतं, आणि पानावर डाग दिसला की तिचं डोकं फिरायचं. भाचीनं किडे मारणारी बुरशी फवारली तेव्हाच तिनं नाक मुरडलं होतं. घरातली बुरशी घासून काढण्यात जिचा जन्म गेला, तिच्यासमोर कुणी ती पाकिटातून विकत आणावी, हे जरा अतीच होतं.

आठव्या दिवशी भाची भिंग घेऊन आली. एकाही पानावर मेलेला किडा नव्हता.

"असेल कसा?" आत्या म्हणाली. "पांढरी लव आलेले सगळे मुडदे रोज सकाळी वेचून डब्यात टाकते. वर पानं पुसते."

भाचीनं कपाळावर हात मारला. "अगं आत्या, तीच लव जिवंत किड्यांना लागून त्यांना मारणार होती!"

आत्यानं डबा उघडला. मग पुटपुटत एकेक मुडदा चिमट्यानं पानांवर परत ठेवू लागली. घाण मांडायची सवय नव्हती तिच्या हाताला.

एक किडा टेबलावर पडला. भाचीनं पुसायला फडकं उचललं.

"खबरदार!" आत्या कडाडली. "कामावर आहे तो."