चुन्यात शिजलेला मका

पेरणीचे दिवस जवळ आले की बासिलियाबाई रविवारच्या वर्गात मुलांना जिभेचा धडा शिकवायच्या. येताना दोन वाट्या आणायच्या. एकीत कोरडा मका, दुसरीत चुन्याच्या पाण्यात शिजवलेला, भाकरीसाठी पाट्यावर वाटायला काढलेला. मुलांनी घरून पत्र्याचे रिकामे डबे आणायचे, त्यात माती भरायची आणि एका बाजूला कोरडा दाणा, दुसऱ्या बाजूला शिजलेला दाणा पेरायचा.

"बाई, शिजलेला कसा उगवेल?" कोणीतरी विचारायचंच.

"का नाही उगवणार? दाणाच आहे ना?"

"आई म्हणते, तो मेलेला असतो."

"पेरून तर बघू. तुझी आई खरी की मी खरी."

डबे खिडकीत ओळीने राहायचे. काही रविवार गेले की एका बाजूला हिरवं पातं वर यायचं, दुसरी बाजू तशीच काळी. मग बाई सांगायच्या, "शब्द तोंडात आहे तोवर कोरडा दाणा. ठेवायचा की पेरायचा, हे देवाला विचारायला सवड असते. देव शहाणपण देतो, मागणाऱ्याला झिडकारत नाही. पण न विचारता बोललात की दाणा शिजला. मग कितीही पाणी घाला."

डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या ख्रिस्ती देवळात आता जी माणसं सहकुटुंब येऊन बसत, त्यातल्या निम्म्यांनी लहानपणी हे डबे भरले होते. बायका म्हणायच्या, बासिलियाबाईंना सांगितलं की विहिरीत टाकल्यासारखं. आणि बाईंनाही ते ऐकायला आवडायचं.

त्या वर्षी डेल्फिना त्यांच्याकडे आली तेव्हा बाई मका धूत होत्या. डेल्फिनाचा नवरा वेनान्सिओ उत्तरेला परदेशात, लोकांच्या घरांची छपरं घालायच्या कामावर. ती इथे सासूजवळ, सहा वर्षांची अनाबेला आणि तान्हा सामुएल यांना घेऊन राहायची. सामुएलच्या पोटात काही ठरत नव्हतं.

"मावशी, माझ्या हातून पाप झालं," ती चुलीपाशी बसत म्हणाली. "दवाखान्यातल्या पुड्यांनी गुण येईना. मी डोंगरावरच्या म्हाताऱ्याकडे निघाले. मेणबत्त्या घेऊन."

बाईंचा हात पाण्यातच थांबला. डोंगरावरचा म्हातारा जुन्या देवांसमोर धूप जाळायचा, मेणबत्त्या लावून लोकांसाठी गाऱ्हाणं घालायचा. त्याच्या पायरीवर गेलेल्या माणसाला मंडळीत माफी मिळणं कठीण होतं.

"लावल्यास?"

"नाही. त्याच्या अंगणापर्यंत गेले. धुराचा वास आला आणि पाय उचलेना. मागे फिरले, मेणबत्त्या ओढ्यात टाकल्या. पण निघाले तर होतेच ना? सासूबाईंना कळलं तर त्या यांना फोनवर काहीबाही सांगतील. तुम्ही कोणाला बोलू नका."

"वेडी का तू? माझ्या पोटात राहील."

दोघींनी गुडघे टेकून प्रार्थना केली. डेल्फिना डोळे पुसून गेली. पुढे पुड्यांचा गुण आला आणि सामुएलला दूध पचू लागलं.

गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थना असायची. प्रत्येकीने उठून आपली विनंती सांगायची, मग सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करायची, अशी रीत. त्या गुरुवारी डेल्फिना आली नव्हती. एकीचा भाऊ तुरुंगात होता, एकीच्या शेताची माती घसरून गेली होती. बाईंची विनंती नेहमीची, गुडघ्यांची. ती सांगायला त्या उठल्या, आणि सगळ्या बायका आपल्याकडे बघताहेत हे पाहून त्यांना गुडघे फार क्षुल्लक वाटले.

"एका भगिनीसाठी प्रार्थना करा," त्या म्हणाल्या. "नाव घेत नाही. नवरा दूर आहे, तान्हं मूल आजारी होतं. तिची पावलं डोंगराकडे वळली होती. मेणबत्त्या घेऊन."

'पण ती मागे फिरली' हे पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात होतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक जण "प्रभू, दया कर" म्हणून रडू लागली, लगेच सगळ्यांचाच आवाज चढला, आणि त्या कल्लोळात ते वाक्य राहून गेलं. आवाज ओसरल्यावर पुढची बाई उठली. आपलं अर्धंच सांगून झालंय, असं मध्येच म्हणणं बाईंना प्रशस्त वाटेना.

नाव घेतलं नव्हतं. पण नवरा परदेशात आणि तान्हं आजारी, अशी बाई गावात एकच होती.

शनिवारच्या बाजारात मिरच्या निवडता निवडता एक जण दुसरीला सांगत होती, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, नाहीतर मी कोणाच्या अध्यात ना मध्यात. डेल्फिनाने सासूच्या मरणासाठी मेणबत्त्या लावल्या."

"अगं बाई. आणि पोर?"

"ते म्हाताऱ्याने बरं केलं. एकावर एक फुकट."

दोघी हसल्या. मागे उभ्या असलेल्या बासिलियाबाईंनी कांदे न घेताच पिशवी उचलली.

घरी येऊन त्यांनी दार लावलं आणि देवाकडे शहाणपण मागितलं, जसं मुलांना मागायला शिकवत होत्या तसं. खूप वेळ गुडघ्यांवर राहिल्या. शेवटी त्यांना वाटलं, उत्तर मिळालं. जिभेने घात केला, तर जीभच बंद ठेवायची. डेल्फिनाविषयी चांगलं नाही, वाईट नाही, एक शब्दही पुन्हा बोलणार नाही, असं त्यांनी देवाला वचन दिलं. उठल्या तेव्हा मन हलकं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर देवळाचे पाळक एलिसेओ यांनी मंडळीला बसायला सांगितलं आणि डेल्फिनाला पुढे बोलावलं.

"डोंगरावर गेली होतीस?"

"गेले होते."

"मेणबत्त्या घेऊन?"

"हो. पण लावल्या नाहीत. अंगणातूनच परतले."

"मग पोर बरं कसं झालं?" तिची सासू ग्रेगोरिया बसल्या जागेवरून म्हणाली. "आणि माझं डोकं कालपासून का ठणकतंय?"

"तुमचं डोकं माझं लग्न झाल्यापासून ठणकतंय, सासूबाई."

मागे कोणी खुदकन हसलं. पाळकांनी हात वर केला. "डेल्फिना, तू परतलीस हे कोणाला माहीत आहे?"

डेल्फिनाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा धीर आला. "बासिलियामावशींना विचारा. त्यांना मी त्याच वेळी सगळं सांगितलं होतं."

सगळी मंडळी वळली. वर्गातली मुलंसुद्धा दारात उभी राहून बघत होती. बाई उठल्या. वाक्य तयार होतं, ती मागे फिरली, एवढंच. पण त्याच्या आधी आणखी एक सांगावं लागलं असतं. हे मला तिने विश्वासाने सांगितलं आणि मी ते चारचौघींत उघडं केलं, आणि तेही अर्धं. बाईंना काल दिलेलं वचन आठवलं. वचन आठवलं म्हणून तोंड बंद राहिलं, की तोंड उघडायची भीती वाटली म्हणून वचन आठवलं, हे त्यांना पुढे कितीही विचार करून सांगता आलं नाही.

"मी तिच्यासाठी प्रार्थना करते आहे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

डेल्फिना त्यांच्याकडे बघतच राहिली. पाळकांनी उसासा टाकला. "बासिलियाबाईंसारखी बाई गप्प बसते, तेव्हा ती कोणाची तरी अब्रू झाकत असते. मला आणखी काही विचारायचं नाही."

डेल्फिनाला शिस्तीखाली ठेवलं गेलं. म्हणजे सर्वांत मागच्या बाकावर बसायचं, गायचं नाही, प्रभुभोजनातली भाकर घ्यायची नाही, कोणी हात मिळवायचा नाही. पुढच्या रविवारी ती आली, भिंतीला टेकून सामुएलला मांडीवर घेऊन बसली. अनाबेला वर्गात आली. तो डबे भरायचा दिवस होता. तिने शिजलेला दाणा मातीत सरकवला आणि विचारलं, "बाई, आई का गात नाही? तिला सगळी गाणी येतात."

बाईंनी तिच्या डब्यातली माती दाबून दिली. "पाणी घाल," त्या म्हणाल्या.

त्यानंतर डेल्फिना आली नाही. ग्रेगोरियाने फोनवर सांगितलं ते वेनान्सिओने खरं धरलं, आणि माझ्या आईच्या जिवावर उठलेली बाई माझ्या घरात नको, असा निरोप आला. हे कानावर आल्यावर बाईंना आपलं वचन पाळवेना. त्या पाळकांकडे गेल्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं बोलल्या.

पाळकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते काही दुष्ट नव्हते. "बाई, हे त्या दिवशी बोलला असता तर," ते म्हणाले. "आज मी उभं राहून सांगेन, पण लोक म्हणतील, बाईंना पोरीची कीव आली. तुमचं मन मऊ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तरी मी सांगेन."

बाई तशाच डेल्फिनाच्या घराकडे गेल्या. वाटेत त्या शब्द जुळवत होत्या. आधी माफी मागायची, मग पाळक काय म्हणाले ते सांगायचं, मग वेनान्सिओशी फोनवर मी बोलते म्हणायचं. दारात ग्रेगोरिया कणसं सोलत बसली होती.

"गेली," ती मान वर न करता म्हणाली. "पोरांना घेऊन. खाली किनाऱ्याकडे कुठेतरी, उसाच्या तोडीला."

"कुठल्या मळ्यावर?"

"मला सांगून गेली का? ती तर सगळं तुम्हाला सांगायची ना?"

किनाऱ्याकडे उसाला अंत नव्हता. तोडीची टोळी आज इथे, उद्या तिथे.

रविवारी पाळकांनी उभं राहून सांगितलं. लोकांनी मान डोलावली. उपासनेनंतर दोन जणींनी बाईंचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "किती मोठं मन तुमचं."

वर्गातल्या खिडकीत पाती वर आली होती. मुलं आपापले डबे उचलून एकमेकांच्या पात्यांशी उंची ताडून बघत होती. अनाबेलाच्या डब्यातलं पातं सर्वांत उंच होतं.

"बाई, आता धडा सांगा ना," मुलं म्हणाली.

"यंदा तुम्हीच सांगा."

एका मोठ्या मुलीने उठून सगळा धडा न चुकता म्हटला, तोंडातला दाणा, देवाला विचारायची सवड, सगळं, बाईंच्याच आवाजात. मुलं हसली. बाईंनी तिला शाबासकी दिली.

वर्ग सुटल्यावर त्या भांडं घेऊन खिडकीपाशी आल्या. अनाबेलाच्या डब्यात त्यांनी पात्याच्या बाजूला पाणी घातलं, मग दुसऱ्या बाजूलाही. ती मोठी मुलगी दप्तर घ्यायला परत आली होती.

"तिकडे काही यायचं नाही, बाई."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. भांड्यात अजून पाणी होतं. ते त्यांनी तिथेच ओतलं.