खंड्यासाठी कापलेला पाळणा

पुणतांब्याच्या शिवारातल्या त्या वस्तीवर शहाण्णवच्या पौषात थंडी अशी पडली, की माणसंच शेकोटी सोडेनात. मग म्हाताऱ्या कुत्र्याला कोण विचारतो? पण मनकर्णाबाईला खंड्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. त्याचे मागचे पाय गेले होते. ओट्याच्या शहाबादी फरशीवर ते घसरायचे, कोपरांना जखमा झाल्या होत्या, आणि अंगाखालचं पोतं सकाळपर्यंत दवानं ओलं व्हायचं.

"फरशीवरच मरंल वो हे," ती नवऱ्याला म्हणाली.

कानिफनाथनं माळ्याकडं बोट दाखवलं. "बाज करायला लाकूड म्हनशील तर तेवढा पाळणा हाय."

तिनं कानांवर हात ठेवले. पाळणा त्यांच्या लेकीचा, अश्विनीचा. पहिलं बाळंतपण माहेरी आणि पाळणाही माहेरचाच, हा रिवाज. रिकामा पाळणा हलू नये म्हणून मनकर्णाबाईनं इतकी वर्षं त्यात वरवंटा ठेवला होता. आता अश्विनीला सातवा लागलेला, आणि पुढच्या आठवड्यात तिची सासू भागूबाई स्वतः तिला पोचवायला येणार. भागूबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. लग्नातल्या वरणात मीठ कमी पडलं होतं, ते अजून तिच्या जिभेवर होतं.

पण खंड्याचे उपकार का थोडे होते? सातवीनंतर अश्विनीची शाळा सुटल्यातच जमा होती. पुढची शाळा गावात आणि गावची वाट सगळी उसातून, डोक्याच्या वर ऊस आणि मधून एकटी पोर. भावकी म्हणाली, पुरे झालं शिकणं. तेव्हा हे कुत्रं आपणहून तिच्या मागं निघालं. रोज शाळेच्या फाटकापर्यंत जायचं, शाळा सुटेपर्यंत तिथंच पडून राहायचं, आणि तिला घरी घेऊन यायचं. त्याच्या जिवावर पोर दहावी झाली, नर्स झाली. मनकर्णाबाईनं माळ्याकडं पाहिलं.

"उतरवा," ती म्हणाली. "बाळाला लुगड्याची झोळी बांधू. आमी काय पाळण्यात वाढलो?"

कानिफनाथनं टांगायचे खांब काढले आणि खंड्याला सरळ आत शिरता यावं म्हणून एका बाजूचा कठडा करवतीनं उडवला. तळाच्या फळ्या काढून जुन्या खाटेची नवार आवळून विणली, खाली बोटभर जाडीचे ठोकळे ठोकले. तिनं वर गोधडी घातली. खंड्यानं आधी संशयानं हुंगलं, मग सरपटत आत गेला आणि दुपारपर्यंत घोरत पडला. मनकर्णाबाई कौतुकानं दोनदा बघून आली.

ठरल्याप्रमाणे सासू-सून आल्या. भागूबाईनं ओट्यावर पाय ठेवला न ठेवला, तोच तिची नजर तिथं गेली.

"इहीनबाई, ह्यो पाळणा न्हवं? आमच्या नातवाचा पाळणा कुत्र्याला?"

मनकर्णाबाईनं लगबगीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पण अश्विनी आपलं जड अंग सावरत केव्हाच खंड्यापाशी बसली होती. त्याला उठता येईना. नुसती शेपटी कठड्यावर आपटत होता. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"आत्याबाई, मला मागनी घालायला आलात तवा काय म्हनला होतात?"

"म्हनलं हुतं, सून नर्स पायजे."

"मग ती ह्यानं केली," अश्विनी म्हणाली, आणि उसातली ती वाट, ते फाटक, सगळं तिनं सांगितलं.

भागूबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. जवळ आली, वाकली, गोधडीचं टोक बोटांत धरून तिनं नाक मुरडलं. "किती खरबरीत हाय ही! जखमांना टोचत आसंल." मग तिनं आपली पिशवी उघडली. आतून मऊसूत दुपटं काढलं, स्वतःचं जुनं लुगडं फाडून नातवासाठी शिवलेलं, आणि खंड्याच्या कोपराखाली हळूच सरकवलं.

मनकर्णाबाई "अहो, राहू द्या, राहू द्या," म्हणत पुढं झाली.

"बाळाला दुसरं शिवीन," भागूबाई म्हणाली. "त्याला यायला आजून तीन म्हयने हायेत. ह्याच्यापाशी तेवढं न्हाईत."