आयव्हीची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रखरखीत मुलखातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात, एका पत्र्याच्या शेडमध्ये मी विटांवर उभी आहे. माझा निळा रंग अजून चकाकतो, पण आता रस्ता दिसत नाही.

माझा जन्म १९६२ सालचा. तेव्हा मोटारीत गारवा म्हणजे उघड्या खिडक्या आणि वाऱ्याने पिण्याचं पाणी गार राहावं म्हणून पुढच्या बंपरला टांगलेली कॅनव्हासची पिशवी. वीज तयार करायला माझ्या पोटात एक लहानसा डायनामो होता. दिवे, वायपर आणि हॉर्न, एवढ्यांपुरतीच त्याची ताकद. मी जागेवर उभी राहून नुसती घुरघुरत असले की तो जवळजवळ झोपीच जाई.

खाणीत काम करणाऱ्या क्लॅरीने लग्नाच्या वर्षी मला घेतलं. त्याची बायको आयव्ही शेजारी बसे, कोपर खिडकीबाहेर. समोरून कुणी आलं की क्लॅरी स्टिअरिंगवरचं एकच बोट उचलून ओळख देई.

"अख्खा हात उचललास तर झिजेल का रे?" आयव्ही हसायची.

माझ्या बरोबरीच्या गाड्या भंगारात गेल्या. मला मात्र जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळू लागली. "एकही भाग बदललेला नाही," असं परीक्षक म्हणाले की क्लॅरीची छाती फुगे. मीही फुगत होते, खोटं कशाला सांगू?

मग दोघं थकली. एका उन्हाळ्यात आयव्हीला माझ्या सीटवरच चक्कर आली. त्याच सुमारास कित्येक तासांच्या वाटेवरच्या पोर्ट पिरी गावाहून निरोप आला. तिची धाकटी बहीण डल्सी हॉस्पिटलात होती, शेवटचं दुखणं होतं, आणि ती आयव्हीला बोलावत होती.

"पहाटेच निघू. मानेवर ओला टॉवेल टाकते, झालं," आयव्ही म्हणाली.

"एसी बसवल्याशिवाय या उन्हात तुला नेणार नाही."

त्याचं तिच्यावर प्रेम होतं, म्हणून तो हट्टाला पेटला. एसी येऊन बसेपर्यंत दिवस जात राहिले. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा त्याचा दोस्त मॉरी डोकं खाजवत म्हणाला, "म्हाताऱ्या, या बाईला तू बर्फाचा कारखाना ओढायला लावतोयस. डायनामो काढ, जास्त वीज देणारा नवा अल्टरनेटर घाल. वायरीही जाड टाक."

"आणि फीत? एसी प्रदर्शनाआधी सोडवून ठेवता येतो. डायनामो हिचाच राहील."

"मग निदान माझी गाडी ने."

"तुझा तो डबा? त्यापेक्षा चालत जाऊ!"

अखेर आम्ही निघालो. धावत होते तोवर मी कसंबसं निभावलं. वाटेत पीटरबरो गावाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं आणि खनिजाची लांबलचक मालगाडी रस्त्यातच थांबून राहिली. मी उभी, डायनामो पेंगलेला, एसी जोरात. स्टिअरिंगमागचा, वीज कमी पडत असल्याचं सांगणारा माझा लाल दिवा लागला.

"तो दिवा जुना नाटकी आहे," क्लॅरी म्हणाला.

"बंद कर रे तो वारा. मी खिडकी उघडते."

"आणि पुन्हा चक्कर आली तर?"

माझ्या बारीक वायरी तापत गेल्या. जळका वास आला, धूर निघाला, आणि मी गप्प झाले. मालगाडी गेली, फाटक उघडलं. मला हलता आलं नाही.

संध्याकाळी एका ट्रकवाल्याने मला ओढत गावात नेलं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गाडीतून ती दोघं पोर्ट पिरीला पोचली. डल्सी रात्रीच गेली होती. जाईपर्यंत विचारत होती, "निळी गाडी आली का?" हे मला पुढे आयव्हीच्या तोंडून कळलं.

क्लॅरीने मला ओढून घरी आणलं आणि एसी काढून शेडच्या कोपऱ्यात टाकला. आयव्ही कधीमधी शेडमध्ये येते, आपल्या जागेवर बसते, काच खाली करते आणि कोपर बाहेर काढते. एकदा क्लॅरी दारात उभा राहिला.

"मॉरीने नव्या वायरी आणल्यात. करू का हिला सुरू?"

आयव्ही समोरच्या पत्र्याकडे बघत राहिली. "आता कुठे जायचंय, क्लॅरी?"

मित्रांनो, जुन्या जिवावर नवं ओझं घालण्याआधी त्याला ते पेलेल का, एवढं विचारा. आणि कुणी तुमची वाट पाहत असेल, तर गारव्यासाठी थांबू नका. खिडक्या उघडा आणि निघा.