खोटा स्विच

रादिवोयच्या गिटार-दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या गिटारवाल्यांत सगळ्यात तापदायक जमात म्हणजे ‘ऊब’ मागणाऱ्यांची. तारांखालचे, आवाज उचलून स्पीकरकडे धाडणारे पिकअप बदलून दिले, जोडणी तीनदा उलटसुलट करून दिली, तरी यांचं रडगाणं एकच: आवाजात ऊब नाही. या दुखण्यावर रादिवोयनं फार पूर्वीच औषध काढलं होतं. गिटारवर एक चकचकीत स्विच बसवायचा, आत एकही तार जोडायची नाही आणि सांगायचं, हा वर केला की ऊब. गिऱ्हाईक स्विच वर करी, डोळे मिटी आणि म्हणे, “हां, आता कसं!” झ्रेन्यानिन गावातल्या निम्म्या गिटारींवर असे खोटे स्विच होते. राकिया दारूचा पेला हातात घेऊन रादिवोय त्या लोकांच्या नकला करी आणि स्वेतोझार पोट धरधरून हसे.

स्वेतोझार हा त्याचा कूम. स्वेतोझारच्या लग्नात चर्चमध्ये साक्षीदार म्हणून त्याच्या पाठीशी उभा राहिला होता तो रादिवोय, आणि तिकडे हे नातं रक्ताच्याही वर धरतात. सख्ख्या भावाशी अबोला चालतो, कुमाला फसवलेलं चालत नाही.

मार्चमध्ये एका सकाळी स्वेतोझारनं आपली जुनी गिटार टेबलावर ठेवली आणि शेजारी डावा हात ठेवला. बोटं आपली आपणच हलत होती.

“काय जोडून देऊ?” हाताकडे न बघता रादिवोयनं विचारलं. “दोन्ही पिकअप एकामागे एक जोडले तर आवाज जाड होईल. समांतर जोडले तर स्वच्छ. एकाच्या तारा उलट्या केल्या तर नाकात गायल्यासारखा येईल, तोही लोकांना आवडतो.”

“तुझं हॉटेलचं मेनूकार्ड राहू दे. मला एक स्विच दे. खाली केला की आवाज बंद. सगळा.”

“बंद कशाला?”

“हात अडकतो, कूम. गाण्याच्या मध्येच. डॉक्टर म्हणतो, घाबरलास की जास्त होणार. तालमीत बँडमधली पोरं मान खाली घालतात, बोलत कुणी नाही. दुसरी गिटार वाजवतो ना, त्या वुकानला माझे सगळे सूर पाठ आहेत. हात बिघडला की मी बंद करीन, तो वाजवील. लोकांना मी वाजवतोय असंच दिसेल. मे महिन्यात बँडला चाळीस वर्षं होतायत. तेवढा एक कार्यक्रम लाज राखून होऊ दे, मग झालं.”

“मग झालं म्हणजे?”

“झालं म्हणजे झालं. तू काय पाद्री आहेस विचारायला?”

रादिवोयनं त्याच्यादेखत जोडणी केली. स्विच वर, आवाज चालू. खाली, चिडीचूप. स्वेतोझारनं चार वेळा करून बघितलं, सुस्कारा सोडला आणि सहज एक गाणं वाजवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बोट एकदाही अडखळलं नाही. रादिवोय पाठ फिरवून उगाच तारांना डाग द्यायच्या कथलाचं रीळ शोधत राहिला, कारण त्याचे डोळे भरले होते. त्या गाण्यानंच घात केला.

“गुरुवारी ने. गिटारचं मागचं झाकण लावून ठेवतो,” तो म्हणाला.

स्वेतोझार गेल्यावर तो विचार करत बसला. हाताला काही झालेलं नाही, भीती आहे नुसती. पण हा स्विच खरा राहिला तर पहिल्याच चुकीला गडी स्वतःला बंद करील आणि पुन्हा कधी चालू करणार नाही. पळायला दार आहे एवढं वाटलं की पुरे, दार उघडायची वेळच येणार नाही. अर्ध्या गावाला आपण असंच बरं केलं, कुणाचं काय वाईट झालं? त्यानं कटर उचलला, स्विचची तार मधोमध कापली, म्हणजे स्विच वर असो की खाली, आवाज चालूच, आणि वर झाकण लावलं. आपल्या हुशारीवर इतका भाळलेला माणूस त्या दिवशी साऱ्या गावात दुसरा नसेल.

मधल्या तालमींत हात एकदाही अडकला नाही, त्यामुळे स्विच खाली करायची वेळच आली नाही. मे महिन्यात हॉल भरला. रादिवोय तिसऱ्या रांगेत, स्वेतोझारची बायको देसांका हिच्या शेजारी बसला. पहिली चार गाणी अशी झाली की रादिवोयला शेजारच्याला गदगदा हलवून सांगावंसं वाटलं, बघा. पाचवं गाणं संथ होतं. त्यात डावा हात ताठ झालेला त्याला दिसला. स्वेतोझारनं घाई न करता स्विच खाली केला.

आणि मग त्यानं हात तारांवर वाटेल तसा मोकळा सोडला. स्पीकरची तोंडं लोकांकडे, चाळीस वर्षं ड्रमशेजारी उभं राहून कान अधू झालेले. त्याला ऐकू येत होती ती वुकानची स्वच्छ धून. हॉलला मात्र ऐकू येत होतं पत्र्याचा डबा फरफटत नेल्यासारखं काहीतरी. स्वेतोझार डोळे मिटून डुलत होता. हसत होता. मागच्या पोरांनी शिट्टी मारली.

“बंद का करत नाहीत हे?” देसांका कुजबुजली. “मला म्हणाले होते, बंद करता येतं.”

गाणं चार मिनिटांचं होतं, ते पूर्ण चार मिनिटं चाललं. शेवटी स्वेतोझारनं डोळे उघडले आणि पुढच्या रांगांतले चेहरे बघितले. त्यानं स्विच वर केला, तार छेडली. खाली केला, छेडली. मग वाकून तिसऱ्या रांगेत कुणालातरी शोधू लागला.

सोमवारी तो दुकानात आला. झाकणाचे स्क्रू त्यानं स्वतःच काढले. त्या डाव्या हातामुळे फार वेळ लागला, पण मदत करायची रादिवोयची छाती झाली नाही.

“सुटली असेल रे तार,” रादिवोय म्हणाला.

“कापलीय.”

“तुझ्यासाठीच केलं. त्या दिवशी इथं कसा वाजवलास तू! आठव जरा.”

“इथं वाजवलं, कारण इथं ही जोडलेली होती.”

स्वेतोझारनं कोट घातला. गिटार टेबलावरच होती.

“माझी नक्कल बसवलीस का?” दारातून त्यानं विचारलं. “पण आता ती बघून हसायला तुला दुसरा कुणीतरी शोधावा लागेल.”

त्याच दुपारी रादिवोयनं तार जोडली, कथलाचा डाग नीट बसलाय का दोनदा बघितलं आणि गिटार स्पीकरला लावून तपासली. स्विच खाली केल्यावर आवाज बंद होत होता. गिटार त्यानं भिंतीवर टांगली. न्यायला कुणी आलं नाही.