नोमानचं जहाज

मुबीनानं लाँचच्या कठड्यावरून हात लांब करून फोन समुद्रावर धरला. मुनाफनं मागून तिचा दंड पकडला.

"फोन पडला तर पडू दे, तू पडू नकोस," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, "फोनही नको. नोमाननं पाठवलाय."

मोऱ्याच्या बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे निघालेली लाँच खाडीतून मोकळ्या पाण्यावर आली होती, आणि पुढ्यात ते उभं होतं. राखाडी, मोठं, गप्प. नोमानचं जहाज.

कागदोपत्री ते नौदलाचं होतं. पण पनवेलच्या त्यांच्या घरात त्याला दुसरं नाव नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा नोमान चार वर्षं एका थंड देशातल्या गोदीत वेल्डिंग करत होता, आणि योगायोग असा की जोडत होता भारताचीच युद्धनौका. बऱ्याच उशिरानं ती तयार झाली. गेल्या आठवड्यात ती मुंबईला पोचल्याचं टीव्हीवर दाखवलं. नोमान काही पोचला नाही. सुट्टीवर निघालं तर परत कामावर घेतीलच याची खात्री नव्हती. कायमचंच परत येऊ का, असं त्यानं दोनदा विचारलं होतं. मुनाफनं दोन्ही वेळा सांगितलं होतं, "तिथंच राहा. इथं काय ठेवलंय?"

मुबीना दोन्ही वेळा स्वयंपाकघरात गेली होती. या वेळी मात्र ती म्हणाली, "तो नाही तर नाही. त्याच्या हातचं काम तरी दाखवा मला."

म्हणून मुनाफचे मित्र असलेल्या दाजींनी आपली गाडी काढली आणि जासईच्या कंटेनरांमधून वाट काढत दोघांना मोऱ्याला आणलं. दाजींची मिठागरं अशाच कंटेनरांखाली गेली होती. त्यानंतर ते बिल्डर झाले आणि आपल्या इमारतींना लागणारे नळ मुनाफच्या दुकानातून घेऊ लागले. मुनाफ फक्त इम्पोर्टेड नळ ठेवायचा. देशानं युद्धनौका घरी बांधाव्यात की बाहेर, हा प्रश्न दिल्लीत सुटत नसताना त्या दुकानात रोज संध्याकाळी सुटायचा, तोही दोन वेगवेगळ्या बाजूंनी.

"आपल्या माणसाला काम नाय, आनि जहाजं परदेशातून," दाजींनी लाँचवरही विषय काढलाच. "ह्याला काय अर्थ हाय?"

"पळस्प्यापासून गोव्याला जाणारा रस्ता आपल्याकडनं पुरा होईना, आणि तुम्ही युद्धनौका बांधणार!"

"रस्ता वेगला, जहाज वेगलं. आनि तुमचं परदेशी जहाज काय टायमावर आलं? तुमचे इटालियन नळ पन माझ्या तिसऱ्या माळ्यावर गळतान, मुनाफशेठ."

"नळ नाही गळत. तुमचा प्लंबर देशी आहे."

मुबीना या वादात कधी पडत नसे. एकदाच, दुकानात डबा द्यायला आली असताना, तिनं विचारलं होतं, "इथं बांधलं असतं, तर नोमान इथं असता ना?" त्या संध्याकाळी वाद लवकर आटोपला होता.

लाँचवाल्यानं ओरडून सांगितलं, "नेव्हीचं जहाज हाय, फोटो काढू नका!"

"फोटो नाही, व्हिडिओ कॉल आहे," मुनाफ म्हणाला. "ज्यानं बांधलं त्यालाच दाखवतोय." लाँचवाला सुकाणूकडे वळला.

नोमान फोनवर दिसला. डोक्यावर हेल्मेट, तोंडातून वाफ, मागे ग्राइंडरचा आवाज.

"बघ," मुबीना म्हणाली. "ओळखलंस?"

त्यानं चेहरा पडद्याजवळ आणला. डोळे बारीक केले आणि तसाच राहिला. नेटवर्क गेलं असं वाटून मुबीनानं फोन हलवला.

"हां अम्मी," तो म्हणाला. "हेच."

"तुझं कुठलं यातलं?"

"ते... पुढचं. नाकाकडचं सगळं आमच्याच पाळीनं जोडलेलं."

मुबीनानं पुढच्या भागाकडे पाहिलं. मग तिनं खाली वाकून हात पाण्यापर्यंत नेला. लाँच कडेला झुकली होती म्हणून तो पोचला. ओला तळवा तिनं ओढणीला पुसला नाही, मिटून मांडीवर ठेवला.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं, आणि खरंच नेटवर्क गेलं.

थोड्या वेळानं दाजींचा फोन वाजला. व्हॉइस मेसेज होता. दाजी लाँचच्या मागच्या टोकाला गेले आणि फोन कानाला लावला.

"दाजीकाका, आमचं जहाज परवाच कारवारला गेलं. हे दुसरं आहे, जुनं. आपल्याकडेच, माझगावच्या गोदीत बांधलेलं. अम्मीला सांगू नका."

दाजींनी ते पुन्हा एकदा ऐकलं. आयुष्यात इतका मोठा विजय त्यांच्या वाट्याला आला नव्हता. ते परत येऊन बसले तेव्हा मुनाफ रंगात आला होता.

"फिनिश बघा दाजी! कुठं जोड दिसतोय का? याला म्हणतात परदेशी काम. माझगावात जमेल? खरं बोला."

दाजींनी फोन खिशात घातला.

"नाय जमनार," ते म्हणाले.

मुनाफ थांबला. दाजींच्या वाक्यानंतर नेहमी एक 'पन' यायचा, त्याची तो वाट पाहू लागला. तो आला नाही. दाजी दुसऱ्याच दिशेला, बगळ्यांकडे बघत होते.

मुनाफनं त्यांच्या खिशाकडे पाहिलं, मग मान वळवून जहाजाकडे. आता लाँच त्याच्या अगदी जवळून जात होती. नांगराच्या साखळीखाली गंजाचे ओघळ होते, रंगाचे थर फोडून वर आलेले. हा गंज आठवड्याचा नव्हता, नव्या जहाजाचाही नव्हता. नळ विकणाऱ्याला एवढं कळतं. त्याच्या आजूबाजूचा पत्रा मात्र सरळ होता, जोड कुठं शोधून सापडत नव्हता.

धक्का दिसू लागला, माणसं पिशव्या सावरू लागली.

"मुबीना," मुनाफ म्हणाला, "रात्री त्याला फोन लाव. म्हणावं, ये निघून. काम इथंही मिळेल. चांगलं काम होतं इथंही."

मुबीनाची मिटलेली मूठ तशीच राहिली.

"मघाशी तर म्हणत होतात, माझगावात जमणार नाही."

"म्हणालो," मुनाफ म्हणाला. "तोवर जवळून बघितलं नव्हतं."