मागच्या खोलीचं कुलूप

मी एक कुलूप आहे, पितळेचं, वजनदार. लातूरच्या गंजगोलाईतून विरूपाक्षनं मला घेतलं आणि अहमदपूरबाहेरच्या आपल्या केंद्रात मागच्या खोलीला बाहेरून लावलं. केंद्र मनोरुग्णांचं, रीतसर नोंदणी असलेलं.

त्या खोलीत किनवटकडची महामाया असायची. फार ओरडते म्हणून तिला वेगळं ठेवलं होतं. ती आतून दारावर तीनदा टकटक करी. स्वयंपाकाची नागाबाई बाहेरून म्हणे, "हाय माय, हितंच हाय मी." मग ती निवायची.

एका दुपारी विरूपाक्ष किल्ली घेऊन उदगीरला गेला आणि इकडे महामायाला ताप चढला. टकटक वाढत गेली. नागाबाईनं मला ओढलं, दगडानं ठोकलं. मी तुटलो नाही. संध्याकाळी दार उघडलं, तेव्हा महामाया गार पडली होती. तिला बाहेर काढल्यावर विरूपाक्षनं रिकाम्या खोलीला मला पुन्हा लावलं.

तपासणीला आलेल्यांनी कोयंडा कापला आणि मला बंद अवस्थेतच पुडक्यात घालून मोहोर लावली. केंद्राची नोंदणी रद्द झाली. विरूपाक्षनं वरच्या कोर्टात अपील केलं: ती खोली धान्याची, तिथं माणूस कधी नव्हताच. नागाबाईनं काम जाईल या भीतीनं तशा कागदावर अंगठा दिला.

सुनावणीच्या दिवशी मी टेबलावर होतो. अपिलात पाहतात ते एवढंच, की आधीचा आदेश बरोबर होता का आणि केंद्राचं म्हणणं नीट ऐकलं होतं का. विरूपाक्षचा वकील छान बोलला. नोंदणी परत मिळणार असं वाटू लागलं. मग न्यायाधीशांनी नागाबाईला पुढं बोलावलं आणि कागदावरचं खरं आहे का, असं विचारलं.

ती होय म्हणणार, तेवढ्यात टकटक झाली. तीनदा. माझ्या आतून.

कुणीच मान वर केली नाही. नागाबाई मात्र पांढरीफटक पडली.

"साहेब," ती म्हणाली, "महामाया आत हाय. दार उघडा म्हणून राहिली."

मग तिनं सगळं सांगितलं. अपील फेटाळलं गेलं. केंद्रातली उरलेली अकरा माणसं सरकारी दवाखान्यात गेली.

पुढं महामायाची बहीण शिवकन्या तिचे कपडे न्यायला कोर्टात आली. कारकुनानं मलाही दाखवलं. तिनं पुडक्यावर तळवा ठेवला.

"गरम हाय हे," ती म्हणाली.

कारकुनानं हात लावून पाहिलं. त्याला मी थंडच लागलो.

आता मी कपाटात पडून आहे. ती खोलीही पाडली म्हणतात. किल्ली मात्र विरूपाक्षनं दिलीच नाही, हरवली म्हणाला. निकाल लागला, तरी मी बंदच आहे, आणि आत कोण आहे हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणाला ती किल्ली सापडली, तर एवढं करा. मला उघडा.